बॉक्स्टर बघायची तर पावसात बघा

वाचकाचा प्रश्न

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा दहावीत, पत्नी शिक्षिका. २००६ मध्ये कामानिमित्त ते आठ महिने जर्मनीत, स्टुटगार्टजवळ होते. तिथल्या एका सहकाऱ्याने एका शनिवारी त्यांना आपल्या पोर्शे बॉक्स्टरमधून, म्हणजे कापडी छत उघडणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमधून, फिरवून आणलं आणि परत येताना वीस मिनिटं चालवायलाही दिली. तेव्हापासून ही गाडी त्यांच्या डोक्यातून गेलेली नाही.

आता दोन सेकंडहँड बॉक्स्टर समोर आहेत. एक २०१० ची बॉक्स्टर एस, मुंबई पासिंग, दुसरा मालक, ३१,००० किलोमीटर, मागणी ३४ लाख. दुसरी २०१७ ची ७१८ बॉक्स्टर (त्याच गाडीची नंतरची पिढी), हरियाणा पासिंग, पहिला मालक, २२,००० किलोमीटर, मागणी ६२ लाख. पहिली साठवलेल्या पैशांत बसते, दुसरीसाठी कर्ज काढावं लागेल. चालवायची कधी? रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढंच. सोसायटीत स्टिल्टखाली एकच पार्किंग आहे, तिथे घरची गाडी असते. "दुसरीचं बघून घेऊ," असं ते लिहितात. आणि शेवटी: "जुनीत खरं इंजिन आहे, नवी बिनत्रासाची आहे. बायको म्हणते, घ्यायचीच तर नवी घे, जुनी रस्त्यात बंद पडली तर मला फोन करू नकोस. काय करू?"

उत्तर

नमस्कार.

त्या वीस मिनिटांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी तीच आहेत.

तुम्ही स्टुटगार्टला चालवलेली गाडी आणि आता बघताय ती २०१० ची गाडी बहुधा एकाच पिढीतल्या. जाणकार तिला ९८७ म्हणतात. ही पिढी २००४ च्या अखेरीस आली आणि २०१२ पर्यंत चालली. पण अधेमधे, २००९ च्या मॉडेलला, आतलं इंजिन पार बदललं. तुमच्या सहकाऱ्याच्या गाडीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा होता. त्याच्या टोकाचं बेअरिंग हे त्या काळातल्या पोर्शे इंजिनांचं सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं. सगळ्याच गाड्यांत ते जातं असं नाही, पण गेलं तर बहुतेकदा इंजिन घेऊनच जातं. २००९ पासूनच्या इंजिनात तो दांडाच ठेवलेला नाही. ऑटोमॅटिकमध्ये पाच गिअरच्या टिपट्रॉनिकच्या जागी सात गिअरचा, दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स आला तोही तेव्हाच. म्हणजे जिला तुम्ही 'जुनी' म्हणून बिचकताय, ती तुमच्या आठवणीतल्या गाडीपेक्षा आतून बरीच सुधारलेली आहे. आणि त्या शनिवारी तुमच्या तळहातांना जे जाणवलं असेल, ते हायड्रॉलिक स्टिअरिंग तिच्यात शिल्लक आहे. २०१२ च्या पुढच्या पिढीपासून, म्हणजे ९८१ पासून, ते इलेक्ट्रिक झालं.

आता 'खरं इंजिन'. २०१० च्या एसमध्ये ३.४ लिटरचं, टर्बो नसलेलं, आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ३१० अश्वशक्तीचं. २०१७ च्या ७१८ मध्ये दोन लिटरचं, टर्बोचं, आडव्या चार सिलिंडरचं, ३०० अश्वशक्तीचं. आवाजाच्या बाबतीत तुमच्याशी माझं दुमत नाही. सहा सिलिंडरचा तो चढत जाणारा सूर चार सिलिंडरमध्ये नाही, आणि चाहत्यांनी यावरून इतकी हळहळ व्यक्त केली की पोर्शेने २०२० मध्ये ७१८ च्या जीटीएस या वरच्या आवृत्तीत चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन परत आणलं. पण मुंबईत राहणाऱ्या माणसाने आणखी एक आकडा बघायला हवा. ७१८ चा ३८० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, १,९५० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे इतके फेरे झाले की) हाताशी येतो. २०१० च्या एसचा ३६० चा टॉर्क यायला ४,४०० आरपीएम लागतात. ऐरोलीचा पूल, पाम बीच, कळंबोलीपर्यंतचा रस्ता, इथे तुमचा काटा ४,४०० ला किती वेळा जाणार? कोस्टल रोडला ८० ची मर्यादा, अटल सेतूला आणि एक्स्प्रेसवेला १००. दुसरा गिअर पुरता पिळायच्या आत ८० ओलांडलेले असतात. जुन्या इंजिनाची खरी गंमत वरच्या आरपीएममध्ये आहे, आणि तिथपर्यंत ती तुम्हाला रविवारी पहाटे थोडा वेळ भेटेल. नवीचा जोर भांडुपच्या सिग्नललाही जाणवेल. म्हणून दोन्ही गाड्या रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवून ठरवू नका. दोन्ही एलबीएस रोडला संध्याकाळी सातच्या गर्दीत चालवा. त्यानंतरही जुनीच आवडली, तर ती आवड खरी समजा.

'नवी बिनत्रासाची' हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. २०१७ ची गाडी नवी नव्हे. रबर, होज, सील, बॅटरी यांचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, आणि फार उभ्या राहिलेल्या गाडीत ती आधी सुकतात. टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे "१४१७" दिसलं तर टायर कंपनीतून आले तेच आहेत. नक्षी कितीही छान दिसली, तरी ते बदलायचे आहेत आणि ते पैसे किमतीतून कमी करायचे आहेत. दोन्ही गाड्यांना पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना हवेची तोंडं असतात आणि आत एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर. त्यांच्या मधल्या फटीत पाला, प्लॅस्टिक, धूळ साचते, ती ओली राहते, त्यात आपल्याकडची खारी हवा. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. तिथे काळपट लगदा दिसला, तर 'सर्व्हिस वेळच्या वेळी केली' हे वाक्य जरा बाजूला ठेवा.

पैशांचं पुन्हा मांडू या, कारण ३४ आणि ६२ हे दोन्ही आकडे अपुरे आहेत.

२०१० च्या गाडीला १५ वर्षं होऊन गेली, म्हणजे तिची आरसी नूतनीकरणाला आलेली आहे. "पासिंग करून देतो" असं विक्रेता म्हणेल. करून देतो नको, केलेलं हवं. त्याच्याच नावावर, त्याच्याच खर्चाने, पाच वर्षांचं. फिटनेस तपासणी त्यात आली, १५ वर्षांवरच्या खासगी गाडीचा पर्यावरण कर आला, आणि आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झालं, तेही आलं. तपासणीत गाडीची जी खोड निघेल, ती तुमच्या दारात यायच्या आधी निघू दे.

हरियाणाच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, इथे नव्याने नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. आयात गाडीला हा दर २० टक्के आहे. वयानुसार वजावट मिळते, तरी ही रक्कम काही लाखांच्या घरात जाते. परराज्यातली गाडी 'स्वस्त' दिसते त्याचं मोठं कारण हेच. आरटीओच्या एजंटकडून आकडा लेखी काढून घ्या आणि तो ६२ मध्ये मिळवून मग तुलना करा. त्यावर कर्जाचं व्याज. मुलगा दहावीत आहे, पुढच्या सहा-सात वर्षांत तुमचे मोठे खर्च कोणते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्षाला तीनेक हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी हप्ते भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी घेतलीत, तर मात्र तिच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. वॉटर पंप, सस्पेन्शनचे बुश, कॉइल, पीडीकेचं तेल, यातलं काही ना काही दोन वर्षांत येतंच. ते आलं की फसलो असं वाटून घेऊ नका, ते या खरेदीत धरलेलंच आहे.

विम्याचंही आताच विचारा. सुट्या भागांची वयानुसार घट न कापणारं झीरो डेप्रिसिएशन आणि पाणी शिरून इंजिन बसलं तर भरपाई देणारं इंजिन संरक्षण, ही दोन्ही जोड कव्हर साधारण पाच-सात वर्षांच्या पुढच्या गाडीला बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत. मुंबईत हे फार मोठं आहे. या दोन्हींपैकी कुठलीही गाडी पाण्यात गेली, तर खर्च बहुधा तुमचाच.

इथे मी तुमच्या पत्रातल्या त्या तीन शब्दांकडे येते, जे तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात: "दुसरीचं बघून घेऊ."

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीने कापडी छताची दोन सीटची गाडी घेतली. दसऱ्याला. गाडी देखणी, ऊन स्वच्छ, पेढे वाटले. बिल्डिंगच्या आवारात सोनमोहोराखाली जागा मिळाली. तुम्हाला सोनमोहोर माहीत असेल, उन्हाळ्यात त्याचा पिवळा सडा पडतो आणि एरवी नखाएवढी पानं सतत गळत असतात. छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी खाली न्यायला दोन नळ्या असतात, करंगळीएवढ्या. सहा-आठ महिन्यांत ती पानं नळीत जाऊन बसली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला गाडीचा अलार्म आपोआप वाजू लागला. सकाळी दार उघडलं तर कार्पेटवर पाय ठेवताच चुबुक आवाज आला. पाणी सीटखाली साचलं होतं आणि तिथला कंट्रोल युनिट भिजून गेला होता. पार्ट परदेशातून यायला सात आठवडे लागले. गाडीचा दोष काडीचा नव्हता, नळी साफ करायला दहा मिनिटं पुरली असती. बॉक्स्टरलाही अशाच नळ्या आहेत.

म्हणून सांगते, सेकंडहँड उघडी गाडी दसरा-दिवाळीत बघायला जाऊ नका. ती जुलैमध्ये बघा. चार दिवस पाऊस लागून राहिला असेल, पाचव्या दिवशी सकाळी जा, आणि विक्रेत्याला आदल्या रात्री फोन करून गाडी धुऊन-पुसून ठेवायला वेळ देऊ नका. दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा. बुरशीचा वास एअर फ्रेशनरखालूनही येतो. सीट पुढे सरकवून मागचं कार्पेट तळव्याने दाबा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते बघा. आणि माझे वडील करायचे ते करा. दादरला त्यांचं गॅरेज होतं, २६ जुलै २००५ नंतरचं वर्ष-दीड वर्ष त्यांच्याकडे पाण्यातून निघालेल्या गाड्याच यायच्या. कुठलीही सेकंडहँड गाडी बघताना ते सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचे आणि जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावरून अंगठा फिरवायचे. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, बेल्टच्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यात गाळाची रेघ राहून जाते.

दुसरी तपासणी कॉम्प्युटरची. ज्या वर्कशॉपकडे पोर्शेचा टेस्टर आहे, तिथे पैसे भरून इंजिनच्या युनिटमधला रिपोर्ट काढून घ्या. त्यात इंजिन एकूण किती तास चाललं ते असतं, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे ते किती वेळा फिरवलं गेलं तेही. मग साधा भागाकार करा. ३१,००० किलोमीटर आणि १,३०० तास असतील, तर सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर, मुंबईच्या गाडीला शोभेलसा. तास २,८०० निघाले, तर सरासरी ११ वर येते. मग एक तर गाडी तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवली गेली किंवा मीटर मागे फिरवलाय. दोन्हींपैकी काहीही असो, मी ती गाडी घेणार नाही. विक्रेता रिपोर्ट काढू देत नसेल, तर तिथून चहा न घेता निघा.

तुमच्या पत्रात मधली पिढी कुठेच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. २०१२ ते २०१६ ची ९८१. सहा सिलिंडर, टर्बो नाही, बांधणी जास्त घट्ट, आतलं सगळं आजच्या डोळ्यांना जुनाट न वाटणारं. स्टिअरिंग इलेक्ट्रिक, हे तुम्हाला खुपेल. आपल्याकडे त्या कमी दिसतात, पण तुम्ही वीस वर्षं थांबलात, अजून काही महिने थांबता येत असेल तर तीही एकदा चालवून बघा.

थांबायचं नसेल आणि या दोघींतलीच निवडायची असेल, तर माझं मत २०१० च्या बाजूने आहे. आरसीचं नूतनीकरण झालेलं असेल, तासांचा हिशोब जुळत असेल, आतून कोरडी असेल आणि राखीव रक्कम वेगळी काढलेली असेल तरच. यातलं एक जरी नसलं तरी सोडून द्या, दुसरी मिळेल. तुम्हाला ती रोज ऑफिसला न्यायची नाही, कर्ज नको आहे, आणि त्या वीस मिनिटांतलं बरंचसं तिच्यातच आहे. ज्यांना रोज बीकेसीला जायला गाडी हवी आहे, किंवा हक्काचं छपराखालचं पार्किंग मिळायची शक्यता नाही, त्यांना मी उलट सांगेन. विम्याची सगळी जोड कव्हर अजून मिळतायत अशी अलीकडचीच गाडी घ्या, आणि शक्यतो बॉक्स्टरची बंद छताची बहीण, केमन, बघा. दहा-बारा वर्षांची दिल्लीची गाडी स्वस्तात दिसतेय म्हणून विचारणाऱ्यांचीही पत्रं असतात. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा नियम आला, म्हणून मालक आधीच विकू लागले. तशी गाडी वाईटच असेल असं नाही, पण कर धरून हिशोब करा.

आणि एक गोष्ट, जी विक्रेत्याकडे जायच्या आधी करायची आहे. तुमच्या पत्नींचं वाक्य तुम्ही विरोध म्हणून लिहिलंय. मला त्यात खोपोलीच्या घाटात रात्री एकट्याने अडकण्याची काळजी ऐकू आली. त्याला उत्तर आहे: रोडसाइड असिस्टन्स घ्या, गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेडच पाठवतील हे आधी विचारून ठेवा, आणि पहिले सहा महिने पहाटे जाऊन दहाच्या आत घरी या.

त्यांच्याशी बोलायचा खरा विषय पार्किंगचा आहे. बॉक्स्टर घरी आली, तर स्टिल्टखालची जागा तिला द्यावी लागेल आणि घरची गाडी उघड्यावर जाईल. ती गाडी रोज सकाळी शाळेत कोण नेतं? चार महिने पावसात छत्री उघडून गाडीपर्यंत जायचं, ओली छत्री कुठे ठेवायची ते शोधायचं, हे त्यांच्या वाट्याला येणार आहे. हे न विचारता गाडी आणलीत, तर पहिल्या जूनमध्येच ते निघेल. आधी विचारा, बाहेर लावलेल्या घरच्या गाडीला चांगलं कव्हर घ्या, पावसाळ्यात सकाळी ती गेटपाशी आणून द्यायचं काम तुम्ही अंगावर घ्या. त्या हो म्हणाल्या तर गाडी बघायला त्यांनाही बरोबर न्या. विक्रेत्याला सांगून गाडी तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून एकदा वर-खाली करून घ्या, पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो का ते तेव्हाच कळेल. मग त्यांना शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारा.

आणि मला कळवा, सीटमागचं कार्पेट कोरडं होतं का.